किमान म्हणजे किती?

(द्वितीय वर्ष, कला)

किमान वेतन वाढवावे की वाढवू नये, हा वाद आपल्याकडे नवा नाही. वर्तमानपत्रात वेतनवाढीची बातमी आली की लगेच दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, महागाई एवढी भडकली आहे, कामगाराने जगावे कसे? दुसरा म्हणतो, वेतन वाढले की मालाची किंमत वाढते, धंदे बसतात आणि अखेर नुकसान कामगाराचेच होते. आपल्या महाविद्यालयातही अर्थशास्त्राच्या तासाला हा वाद रंगला व घंटा होईपर्यंत चालला. दोन्ही बाजूंचे विद्यार्थी हिरिरीने बोलले. पण एक प्रश्न कोणी विचारलाच नाही. ‘किमान’ हा शब्द आपण सारेच वापरतो; पण किमान म्हणजे किती? ते कोणी मोजले, कशाने मोजले आणि पुन्हा केव्हा मोजले?

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. माझे वडील एका कंत्राटदाराकडे वॉचमन आहेत, आई डोंबिवलीला दोन घरी धुणीभांडी करते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. पुढच्या वर्षी मी तृतीय वर्षाच्या वर्गात बसणार की एखाद्या दुकानात गल्ल्यामागे उभी राहणार, हे वडिलांच्या पगाराच्या आकड्यावर ठरणार आहे. तेव्हा ह्या वादाकडे तटस्थपणे पाहणे मला जमणार नाही. परंतु प्रामाणिकपणे पाहण्याचा प्रयत्न मी केला आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी १९४६ साली किमान वेतनाचे विधेयक मांडले. पुढे स्वातंत्र्यानंतर १९४८ साली त्याचा कायदा झाला. पण वेतन कसे मोजावे हे त्या कायद्यात सांगितलेले नव्हते. ते काम १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने केले. सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांचे प्रतिनिधी त्या परिषदेत होते. एका कमावत्या माणसामागे तीन माणसांइतका खाण्याचा खर्च धरावा, प्रत्येकी २७०० कॅलरी मिळतील एवढे अन्न, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के, असे ते माप होते. १९९१ साली रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात मोलाची भर घातली. मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, करमणूक, म्हातारपण व लग्नकार्य ह्यांसाठी आणखी २५ टक्के धरावे, असे न्यायालयाने सांगितले.

ह्या मापातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९५७ च्या परिषदेने स्पष्ट म्हटले होते की कुटुंबातील स्त्री आणि मुले जे कमावतील ते हिशेबात धरू नये. म्हणजे एका माणसाच्या वेतनात चार माणसांचे घर चालावे, ही ‘किमान’ची व्याख्या होती. आज आमच्या चाळीत एकाच्या पगारावर चालणारे घर शोधून सापडणार नाही. आमच्याकडे दोघे कमावतात, तरी महिन्याच्या वीस तारखेला वाण्याची वही उघडावीच लागते. माप चांगले होते, पण ते कागदावरच राहिले.

कागद आणि व्यवहार ह्यांतले अंतर किती असते ह्याचा अलीकडचा दाखला देते. केंद्र सरकारने नेमलेल्या अनूप सत्पथी समितीने जानेवारी २०१९ मध्ये आपला अहवाल दिला. जुलै २०१८ च्या किमतींनुसार देशभर दिवसाला किमान ३७५ रुपये, म्हणजे २६ दिवसांचे ९,७५० रुपये वेतन असावे, असे समितीने सुचवले. शहरी कामगारांना त्याशिवाय महिना सरासरी १,४३० रुपये घरभत्ता द्यावा, असेही म्हटले. समिती सरकारनेच नेमलेली. त्याच वर्षी सरकारने देशपातळीवरचे किमान वेतन १७६ वरून १७८ रुपये केले! दोन रुपयांची ही वाढ; आणि तीही राज्यांवर बंधनकारक नव्हती.

आता त्या १,४३० रुपयांकडे वळू. ही रक्कम २०१८ सालची आणि साऱ्या देशातल्या शहरांची सरासरी, हे मला मान्य आहे. पण आमच्या दिव्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीचे भाडे आज साडेचार हजार रुपये आहे, आणि दिवा हे स्वस्त ठिकाण म्हणून ओळखले जाते! ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत असूनही इथे भाडे कमी आहे, म्हणून तर कोकणातून, घाटावरून, उत्तरेकडून आलेली माणसे इथे उतरली. भाडे कमी का, तर पाण्याचे हाल, अरुंद रस्ते आणि लोकलची जीवघेणी गर्दी. ठाण्यात वा मुंबईत कामाच्या जवळ खोली घेण्याएवढे वेतन मिळत नाही, म्हणून माणूस दिव्याला येतो. भाड्यात जे वाचते ते तो वेळेने आणि शरीराने फेडतो. २ जानेवारी २०१५ रोजी दिवा स्थानकात प्रवाशांच्या संतापाचा स्फोट झाला. ९ जून २०२५ रोजी सकाळच्या गर्दीत मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातले प्रवासी रुळांवर फेकले गेले आणि चौघांचा त्या दिवशी मृत्यू झाला. त्या दिवशी साऱ्यांनी रेल्वेला बोल लावले. ते योग्यच होते. पण ही माणसे रोज दाराला लोंबकळून एवढ्या लांब का जातात, असे विचारले तर उत्तर वेतनाच्या आकड्याशी येऊन थांबते.

दुसरी गोष्ट तासांची. किमान वेतन हे आठ तासांच्या दिवसासाठी असते. त्यापुढे काम करून घेतले तर दुप्पट दराने मोबदला द्यावा, असे कायदा सांगतो. वॉचमनची ड्यूटी मात्र बारा तासांची. समजा, तासाचा दर एक रुपया आहे. आठ तासांचे आठ रुपये आणि वरच्या चार तासांचे दुपटीने आठ रुपये, असे सोळा रुपये व्हायला हवेत. माझ्या वडिलांना बारा तासांचे महिना तेरा हजार मिळतात. हा आकडा आठ तासांच्या वेतनाच्या आसपासचा आहे. म्हणजे सोळाच्या जागी आठ! एखादा दिवस आजारपण आले तर खाडा पडतो तो वेगळाच. वरवर पाहणाऱ्याला वाटेल की ह्या माणसाला किमान वेतन मिळते. घड्याळ समोर ठेवले की कळते, निम्मेच मिळते. म्हणून वेतनाविषयी बोलणाऱ्याने आकड्याबरोबर तासही विचारले पाहिजेत.

तिसरी गोष्ट महागाई मोजण्याची. महाराष्ट्रात मूळ वेतनावर जो विशेष भत्ता मिळतो तो निर्देशांकाप्रमाणे दर सहा महिन्यांनी बदलतो. व्यवस्था चांगली आहे. पण निर्देशांकही माणसेच तयार करतात. मुंबईच्या कामगारांनी ह्या आकड्यांवर शंका घेतली तेव्हा १९६३ साली प्रा. लकडावाला ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, आणि निर्देशांक खरी महागाई पुरती दाखवत नव्हता हे उघड झाले. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने महागाईविरोधी महिला समिती उभी राहिली आणि मुंबईच्या रस्त्यांवर लाटणे मोर्चे निघाले. त्या बायकांना निर्देशांकाचे गणित कोणी शिकवले नव्हते. रॉकेल किती मिळते आणि तेलाचा डबा किती दिवस पुरतो, हे त्यांना ठाऊक होते. आज औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकात, २०१६ हे पायाभूत वर्ष धरून, घराच्या खर्चाचा वाटा शंभरात १६.८७ इतका आहे. आमच्या घरी आईवडिलांच्या मिळून एकोणीस हजारांपैकी भाडेच शंभरातले तेवीस-चोवीस रुपये खाते. पिण्याच्या पाण्याचे पैसे निराळे. निर्देशांक खोटा आहे असे मी म्हणत नाही. तो सरासरीचा आहे, आणि भाड्याच्या खोलीत राहणारा माणूस सरासरीत बसत नाही.

आता दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. माझे मामा स्टेशनाबाहेर वडापावची गाडी लावतात. हाताखाली एक मुलगा आहे. मामा म्हणतात, “सरकारी दराने पगार द्यायचा तर गाडी विकून मलाच कुठे तरी कामाला लागावे लागेल.” मामांचे म्हणणे मला उडवून लावता येत नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या हातातही फारसे उरत नाही. कायद्याची भूमिका ह्याबाबत कडक आहे. क्राउन ॲल्युमिनियमच्या खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जो उद्योग निदान किमान वेतनही देऊ शकत नाही त्याला चालण्याचा हक्क नाही. एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात १९८२ साली न्यायालय आणखी पुढे गेले. किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवणे ही वेठबिगारीच होय, असे ते म्हणाले.

वेतन वाढले की नोकऱ्या जातातच, हेही सिद्ध झालेले नाही. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने १९९२ साली किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर ह्यांनी शेजारच्या पेनसिल्व्हानियाशी तुलना करून तेथील खाणावळींची पाहणी केली, तेव्हा नोकऱ्या घटल्याचे त्यांना आढळले नाही. कार्ड ह्यांना पुढे २०२१ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. अर्थात, त्यावरून वेतन वाटेल तेवढे वाढवावे असे ठरत नाही, आणि न्यू जर्सीचे उपाहारगृह म्हणजे दिव्याची हातगाडी नव्हे.

मग मामांनी काय करावे? मला वाटते, येथेच वेतन आणि राहणीचा खर्च हे दोन प्रश्न एकत्र येतात. त्या मुलाला जगायला जे लागते त्यातले सारेच मामांच्या गल्ल्यातून यावे असे नाही. घरात नळाला पाणी आले, सरकारी दवाखान्यात औषध मिळाले, परवडणारे घर आणि बसायला जागा असलेली लोकल मिळाली, तर तेवढा खर्च त्याच्या वेतनावरून उतरेल. सरकारने आपली बाजू सांभाळली तर मामांसारख्यांना वेतनाची बाजू सांभाळता येईल. पण सरकारने काही करायचे नाही, मालकाने परवडत नाही म्हणायचे, आणि दोघांची तूट कामगाराच्या पोटातून भरून काढायची, हे चालू देता कामा नये. शिवाय मोठमोठ्या सोसायट्या आणि कंपन्या कंत्राटदाराच्या आडून वॉचमन ठेवतात, तेव्हा ‘परवडत नाही’ हे मामांचे वाक्य त्यांच्या तोंडी शोभत नाही.

१९४८ चा कायदा आता इतिहासजमा झाला आहे. त्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहितेने घेतली. जुना कायदा अनुसूचीत नोंदलेल्या कामांनाच लागू होता. नव्या संहितेत ते बंधन नाही. केंद्राने तळाचे वेतन ठरवावे आणि कोणत्याही राज्याने त्याखाली जाऊ नये, साधारणपणे पाच वर्षांच्या आत वेतनाचा फेरविचार व्हावा, कामगाराला पगारचिठ्ठी मिळावी, अशा तरतुदी तीत आहेत. त्या चांगल्या आहेत. पण चांगली मापे ह्यापूर्वीही झाली होती. माझ्या आईसारख्या घरकाम करणाऱ्या बायकांसाठी महाराष्ट्राने २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा केला. परंतु कल्याण वेगळे आणि महिन्याचे वेतन वेगळे. संहितेची खरी परीक्षा तळाचा आकडा ठरेल तेव्हा होणार आहे. तो ठरवताना भाड्याच्या खोलीचे खरे भाडे, जाण्यायेण्याचा खर्च आणि कामाचे खरे तास धरले जातात की नाही, एवढेच आपण पाहावे. ते धरले नाहीत तर ‘किमान’ हा शब्द पाटीवर राहील आणि माणसे दारात लोंबकळत राहतील.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी बारा तासांची ड्यूटी करणारे कोणी ना कोणी आहे. आपण इथे अर्थशास्त्र शिकतो, टक्केवारी काढतो, निर्देशांकाची व्याख्या पाठ करून गुण मिळवतो. हे ज्ञान परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ठेवून घरी का जावे? प्रत्येकाने आपल्या घरातली पगारचिठ्ठी एकदा मागून पाहावी. ती मिळतच नसेल तर का मिळत नाही ते विचारावे. तीवर तास लिहिले आहेत का, जादा कामाचे पैसे लावले आहेत का, हे तपासावे. आपल्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की येत्या वर्षी एक प्रकल्प ह्यावर व्हावा: दिवा, मुंब्रा, कोपर, डोंबिवली ह्या भागांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपापल्या घरचा महिन्याचा खर्च नावे न देता मांडावा आणि तो १९५७ च्या मापाशी लावून पाहावा. किमान म्हणजे किती, ह्याचे उत्तर तेव्हा आपल्या स्वतःच्या हातात असेल.