लेक पोलिसात, नात कुणाकडे?



कापसाची वेचणी सुरू झाली की घरातला एकेक हात मोलाचा होतो. अशाच दिवसांत सेलू तालुक्यातल्या एका शेतावर गेलो होतो. कापूस छान फुटला होता, पण घरची कारभारीण दिसेना. शेतकरी म्हणाला, "साहेब, ती परभणीला आहे, पोलीस लाईनीत. लेकीची रजा संपली. नातीला कोण सांभाळणार?" इकडे वेचणीला मजूर लावले होते.

ही गोष्ट आता बऱ्याच घरांची झाली आहे. राज्यात पोलीस भरतीत ३० टक्के जागा महिलांना राखीव आहेत. पहाटे गावच्या रस्त्याने धावणाऱ्या पोरी आपल्याच. भरती झाली की आपण पेढे वाटतो. पुढे बाळ होते, बंदोबस्त लागतो आणि आजीला पिशवी भरून एस.टी. धरावी लागते.

मग सरकारकडून काय मिळते, ते नीट माहीत असू द्या. बाळंतपणाची भरपगारी रजा १८० दिवसांची आहे. त्याशिवाय राज्य शासनाने २०१८ साली बालसंगोपन रजा सुरू केली. सबंध नोकरीत १८० दिवस, मूल १८ वर्षांचे होईपर्यंत ती टप्प्याटप्प्याने घेता येते. पत्नी हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळली असेल, तर पुरुष कर्मचाऱ्यालाही ती मिळते. मात्र रजा वरिष्ठांनी मंजूर करावी लागते. म्हणून लेकीला सांगा, अर्ज लेखी आणि वेळेआधी द्यावा. २०२२ च्या जानेवारीत महिला पोलिसांची ड्युटी १२ तासांवरून ८ तासांची करण्याचा आदेशही निघाला.

दुसरी सोय पाळणाघराची. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडतात. कामावर जाणाऱ्या आयांची ६ महिने ते ६ वर्षांची मुले तिथे ठेवता येतात. महिन्यात २६ दिवस, दिवसाला साडेसात तास. आता हिशेब करा. आठ तासांची ड्युटी, वर जाण्यायेण्याचा वेळ. रात्रपाळी आणि सणाचा बंदोबस्त तर वेगळाच. जो वेळ उरतो, तो आजी भरून काढते. तिच्या या कामाची मजुरी कुणी मांडत नाही. खताचा, फवारणीचा खर्च वहीत लिहिता, तसे हेही एकदा लिहून पाहा. जावईबापूंनाही त्यातला वाटा उचलायला सांगा.

आता घरच्या सुनेकडे पाहू. लेकीसाठी आजी परभणीला जाते, तेव्हा सून तान्ह्याला घेऊन शेतात येते. बाभळीला झोळी बांधलेली आणि चार तासांवर औषधाचा पंप चालू, असे मी स्वतः पाहिले आहे. फवारणीच्या दिवशी लेकरू शेतात आणूच नका. औषधाचे कपडे धुतल्याशिवाय त्याला जवळ घेऊ नका.

अंगणवाडी देशात २ ऑक्टोबर १९७५ पासून आहे, पण पाळणाघर सगळीकडे नाही. गावात कामावर जाणाऱ्या आया किती, तान्ही मुले किती, याची यादी करा. ती अंगणवाडीताईंमार्फत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्या आणि ग्रामसभेत ठराव घ्या. लेकीसाठी जी सोय हवी, ती सुनेसाठीही मागा.