रक्तदाब चढविणारी सुई

कापूस वेचणीस आला कीं आमच्या बोदवडकडे विंचू-सापांच्या गोष्टी निघूं लागतात. परवां ओसरीवर असाच विषय चालला असतां शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, विंचू चावून माणूस गार पडला, तर रक्तदाब चढविण्याची सुई देऊन मोकळे कां होत नाहींत?" प्रश्न भाबडा वाटतो, पण तसा तो नाहीं.

हातपाय गार पडणें, घाम सुटणें, नाडी क्षीण होणें या अवस्थेस जुने वैद्य 'शीतांग' म्हणत. नांव समर्पक खरें. परंतु लक्षण एक असलें तरी कारणें निरनिराळीं असतात, आणि सारी मेख तेथेंच आहे. मोट आतां शेतांत दिसत नाहीं, तरी दृष्टांतास ती बरी. पाटाला पाणी कमी येतें तें विहीर आटल्यामुळें, बैल थकल्यामुळें, किंवा पाट रुंदावून पाणी पसरल्यामुळें. जुलाबानें वा रक्तस्रावानें विहीरच आटली असेल, तर आधीं सलाईन किंवा रक्त देऊन ती भरावी लागते. जंतुदोष रक्तांत भिनून रक्तवाहिन्या सैलावल्या आणि सलाईन देऊनही दाब उठेना, तर मात्र नॉरअ‍ॅड्रिनलिन हें औषध त्या वाहिन्या आवळून दाब सांवरतें. तें एकदम टोंचावयाचें नसतें. यंत्रानें मोजून, दाब वरचेवर पाहात, शिरेंतून संथपणें सोडावें लागतें. शिरेबाहेर झिरपलें तर तेथील कातडी मरते. उठतांना घेरी येते म्हणून 'ती सुई द्या हो' असा डॉक्टरांच्या मागें लकडा लावणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

या औषधाचें भावंड जें अ‍ॅड्रिनलिन, तें जपानी रसायनज्ञ ताकामिने यांनीं १९०१ च्या सुमारास स्फटिकरूपानें वेगळें केलें. शरीरांतील मज्जातंतू नॉरअ‍ॅड्रिनलिन स्वतःच निर्माण करतात, हें स्वीडनच्या फॉन ऑयलर यांनीं १९४६ सालीं दाखविलें.

आतां विंचवाकडे वळूं. तांबड्या विंचवाचें विष मज्जातंतूंस चेतवून हींच द्रव्यें शरीरांत लोटतें. वाहिन्या आधींच आवळलेल्या असतात. त्या विरोधाशीं झुंजतां झुंजतां हृदय थकतें व फुफ्फुसांत पाणी भरतें. तेथें आणखी आवळणारी सुई म्हणजे आगींत तेल! मराठवाड्यांतील देहेड गांवचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ सालीं कोकणांत बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रांत रुजू झाले, तेव्हां विंचूदंशाचे रोगी डोळ्यांदेखत दगावत. ते रात्र रात्र खाटेशीं बसून नाडी, दाब, श्वास टिपीत राहिले. त्यांचीं निरीक्षणें १९८२ सालीं विलायतेच्या 'लॅन्सेट'मध्यें छापलीं गेलीं; पुढें पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह, वाहिन्या आवळण्याऐवजीं सैल करणाऱ्या प्राझोसिन नामक साध्या गोळीचा उपयोग त्यांनीं १९८६ सालीं तेथेंच मांडला. गंभीर रोग्यांत पूर्वी शेंकडा ३० च्या घरांत असलेलें मृत्यूचें प्रमाण शेंकडा १ च्या आसपास उतरलें. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली.

सर्पदंशाची गोष्ट निराळी. तेथें प्रतिविष देतांना कधीं कधीं त्याचीच उलट प्रतिक्रिया येते, अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो, दाब कोसळतो. अशा वेळीं मांडीच्या स्नायूंत अर्धा मिलिग्रॅम अ‍ॅड्रिनलिन प्रौढ माणसास वांचवितें, आणि तेथें क्षणाचाही विलंब परवडत नाहीं.

गृहस्थ कांहीं वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ती गोळी आपल्या आरोग्यकेंद्रांत असते का?" दुसऱ्या दिवशीं सकाळीं तें विचारावयास ते स्वतःच तिकडे गेले.