जुन्या येझदीला लायनर कोणता?

बंगळुरूचा जे. सी. रोड म्हणजे वाहनांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार. म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांचे नाव या रस्त्याला दिलेले आहे. १९६१ मध्ये म्हैसूरला ‘आयडियल जावा’च्या मोटारसायकल कारखान्याचे उद्घाटन झाले, तेही त्यांच्याच हस्ते. हा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. पण तिथे तयार झालेल्या जावा आणि येझदी बंगळुरूत आजही हौसेने चालवल्या जातात. वडिलांची गाडी मुलगा दुरुस्तीला काढतो. इंजिन, रंग, क्रोम यांवर हात सैल सोडून खर्च होतो. ब्रेकचा विषय निघाला, की मात्र ‘टाका कुठलाही’ असे मेकॅनिकला सांगितले जाते. चूक होते ती इथेच.

या गाड्यांच्या दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक असतो. ब्रेक दाबला, की आतले दोन शू फाकतात आणि त्यांवरचे लायनर फिरत्या ड्रमला घासून चाक थांबवतात. या घासाघाशीत झिजायचे ते लायनरने. लायनर स्वस्त आणि बदलता येणारा. ड्रम मात्र चाकाच्या हबमध्येच असतो आणि जुन्या गाडीचा मूळ, सुस्थितीतला हब सहजासहजी मिळत नाही.

म्हणून ‘जितका कडक तितका चांगला’ हा समज सोडून द्यावा. धातूचे प्रमाण जास्त असलेला लायनर उष्णता अधिक सोसतो. पण तो ड्रम खरवडतो आणि थंड असताना पकडही कमी देतो. सिग्नलपासून सिग्नलपर्यंत चालणाऱ्या गाडीचा ब्रेक फारसा तापत नाही. तिला रेझिन, रबर आणि कृत्रिम तंतूंचा मऊ लायनर योग्य. पुढे डिस्क बसवून घेतली असेल, तर पॅड निवडतानाही हाच विचार करावा.

रविवारी नंदी हिल्सला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. टू-स्ट्रोक इंजिन उतारावर गाडीला फारसे रोखत नाही, त्यामुळे बहुतेक भार ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबून धरला, तर लायनर तापून चकचकीत होतो आणि पकड सोडू लागतो. घाट खालच्या गिअरमध्ये, वेग कमी ठेवून, मधूनमधून ब्रेक लावत उतरावा.

लायनर घेताना तो ॲस्बेस्टॉसविरहित आहे का, हे विचारावेच. पूर्वीच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असे. त्याच्या सर्व प्रकारांमुळे कर्करोग होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि हा आजार कित्येक वर्षांनी डोके वर काढतो. भारतात त्यावर सरसकट बंदी नाही, म्हणून ग्राहकानेच सावध राहिले पाहिजे. जुना ड्रम उघडल्यावर आतली भुकटी फुंकून किंवा हवेच्या दाबाने उडवू देऊ नये. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. धोका सर्वांत जास्त मेकॅनिकला आणि त्याच्या हाताखालच्या पोराला असतो.

नवा लायनर ड्रमला नीट बसेपर्यंत ब्रेक पूर्ण पकड घेत नाही. सुरुवातीचे शे-दोनशे किलोमीटर गाडी बेताने चालवावी आणि ब्रेकची खात्री पटल्यावरच बायको-मुलांना मागे बसवावे.