पडझडीनंतरची उभारी

घरातील वडीलधारे माणूस पडल्याची वार्ता कळते, तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी पहिला प्रश्न हाडाचा असतो. मोडले का, कोठे मोडले, प्लास्टरवर भागेल की शस्त्रक्रिया करावी लागेल? क्ष-किरण चित्रात काही आढळले नाही की सारे घर सुटकेचा निःश्वास टाकते आणि प्रकरण मिटले असे मानले जाते. वस्तुतः पुष्कळदा खरे प्रकरण तेथूनच सुरू होते. सूज आठ-पंधरा दिवसांत उतरते; परंतु मनात बसलेली धास्ती महिनोन्‌महिने उतरत नाही, आणि तिचे चित्र कोणत्याही यंत्रात उमटत नाही.

पडण्याचा धोका काल्पनिक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे प्राणास मुकतात आणि त्यांत साठीपुढील माणसांचे प्रमाण सर्वाधिक असते. म्हणून ‘काही होत नाही, मन खंबीर ठेवा’ एवढ्या उपदेशाला सकारात्मकता म्हणता येत नाही. धोक्याकडे डोळेझाक करणे ही बेफिकिरी आणि धोक्यापुढे हातपाय गाळणे ही हतबलता. वृद्धापकाळातील आशावाद या दोहोंच्या मधला असतो आणि तो शब्दांपेक्षा रोजच्या लहान लहान कृतींत वसतो.

१९८२ साली मर्फी आणि आयझॅक्स या संशोधकांनी ३६ वृद्ध रुग्णांच्या अभ्यासावर आधारित एक निबंध प्रसिद्ध केला. पडून गेल्यानंतर काही रुग्ण आधाराशिवाय चालण्याचे धैर्य गमावतात, दिसेल ती वस्तू घट्ट धरतात, पाऊल टाकताना अडखळतात, असे त्यांनी नोंदविले आणि या अवस्थेला ‘पडण्यानंतरचा लक्षणसमूह’ असे स्वतंत्र नावच दिले. पुढे हे चक्र अधिक स्पष्ट होत गेले. भीतीपोटी माणूस चालणे कमी करतो. चालणे कमी झाले की मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू क्षीण होतात. स्नायू क्षीण झाले की तोल बिघडतो. आणि तोल बिघडला की पुन्हा पडण्याचा संभव वाढतो. ज्या भीतीने सावध करावयाचे, तीच अखेरीस पाडण्यास कारण होते. व्यापाराच्या भाषेत बोलावयाचे तर एका खेपेच्या तोट्याने घाबरून दुकानच बंद ठेवण्यासारखे हे आहे. तोटा तेवढ्यावर थांबत नाही. बसून खाण्यात मूळ भांडवलही सरते.

या चक्राला घरची माया नकळत हातभार लावते. चाळीस वर्षे पेढीवर बसलेले सत्तरीतील गृहस्थ दुकानाच्या पायरीवर घसरतात. दुसऱ्याच दिवशी मुलगा म्हणतो, ‘बाबा, आता पुरे झाले. तुम्ही घरी आराम करा.’ सून पाण्याचा पेला हातात आणून देते, नातू चष्मा आणून देतो, फुलांची परडीही दुसरे कोणी उचलते. हेतू निर्मळ असतो. परंतु एका महिन्यात त्या गृहस्थांकडे स्वतःचे म्हणावे असे एकही काम उरत नाही. सकाळी उठावे कशासाठी, याचे उत्तर हरवले की औषधाची गोळीही ओझे वाटू लागते. गृहिणीच्या बाबतीत हे अधिकच घडते. पडल्यानंतर तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिले जात नाही आणि ज्या घराचा कारभार तिने जन्मभर पाहिला, त्याच घरात ती पाहुणी होऊन बसते.

अमेरिकेतील वृद्धचिकित्सातज्ज्ञ मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली या भीतीच्या मोजमापाची एक साधी पद्धत मांडली. ‘तुम्हाला पडण्याची भीती वाटते का?’ असा सरसकट प्रश्न त्यांनी विचारला नाही. दैनंदिन व्यवहारातील दहा कामे निवडली: स्नान, कपडे बदलणे, पलंगावरून उठणे, खुर्चीत बसणे-उठणे, घरात फिरणे, कपाटातील वस्तू काढणे, दाराची घंटा वाजली असता जाऊन दार उघडणे, साधा स्वयंपाक इत्यादी. यांपैकी प्रत्येक काम न पडता करता येईल असा विश्वास किती वाटतो, हे १ ते १० या अंकांत सांगावयाचे.

या पद्धतीमागील विचार घरोघरी उपयोगी पडणारा आहे. भीती ढोबळ असते तोवर तिच्याशी झुंजता येत नाही. तिचे खातेवार विवरण केले की मार्ग दिसू लागतो. आईला चालण्याचा विश्वास आहे, पण स्नानगृहाचा नाही, असे कळले तर उपाय स्नानगृहापुरताच करावयाचा असतो: भिंतीत पक्की बसविलेली आधारदांडी, न घसरणारी फरशी किंवा रबरी चटई, बसण्यासाठी स्टूल, आतून अडकून न पडेल अशी कडी. एवढ्यासाठी तिचे मंदिरात जाणे बंद करण्याचे कारण नाही. वडिलांना रात्रीच्या अंधाराची धास्ती असेल तर पलंगापासून शौचालयापर्यंत मंद दिवा आणि वाटेतील पायपुसणी उचलणे, एवढ्यानेही निम्मे काम होते.

पडण्याची कारणे शरीरातही शोधावी लागतात. एकदम उभे राहिल्याने काहींचा रक्तदाब खाली येतो व डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून झोपेतून उठताना पलंगाच्या काठावर दोन-तीन मिनिटे बसावे, मग उभे राहावे. ४८ मिनिटांचे सामायिक जमिनीवर बसून करणाऱ्यांनीही उठताना हीच सावधगिरी बाळगावी. गुडघे साथ देत नसतील तर खुर्चीचा आधार घेण्यात कमीपणा नाही. झोपेच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे तोल जाऊ शकतो. यासाठी चालू असलेल्या सर्व औषधांची यादी वर्षातून एकदा तरी डॉक्टरांसमोर ठेवावी. मधुमेह किंवा रक्तदाबाचे औषध घेणाऱ्यांनी उपवास अथवा चौविहार करण्यापूर्वी मात्रेच्या वेळा डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. मोतीबिंदू, सैल चपला, पायांत घोळणारे धोतर किंवा साडी यांकडेही तितकेच लक्ष हवे. काठी वापरायची असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी आणि तिची उंची मनगटापर्यंत यावी. नेमकी हीच गोष्ट अनेक जण उलट करतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात पासष्टीपुढील व्यक्तींसाठी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढविणारे व्यायाम सांगितले आहेत. त्यासाठी व्यायामशाळेची गरज नाही. हातांचा आधार शक्य तितका कमी घेत खुर्चीतून उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, भिंतीलगत एका पायावर क्षणभर उभे राहणे, एवढ्यापासून आरंभ करता येतो. फिजिओथेरपिस्टने एकदा रीत दाखविली की पुढचा सराव घरी होतो.

पडल्यानंतर उठावे कसे, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. धडपडून उठू नये. आधी स्वस्थ पडून राहावे, श्वास सावरावा, कोठे तीव्र वेदना आहे का ते पाहावे. नसल्यास कुशीवर वळावे, हात व गुडघे टेकून जवळच्या भक्कम खुर्चीपर्यंत सरकावे, खुर्चीवर दोन्ही हात टेकून एक पाऊल पुढे रोवावे आणि सावकाश वर येऊन बसावे. डोक्याला मार लागला असेल, पायावर भार घेता येत नसेल, किंवा पाय आखूड व बाहेर वळलेला दिसत असेल, तर ओढून उठवू नये, मदत बोलवावी. ही रीत ठाऊक असलेल्या माणसाची भीती निराळी असते. पडणे म्हणजे सर्वस्वाचा शेवट नव्हे, हे त्याला उपदेशावाचून पटलेले असते. खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतरही शक्य असेल तेथे रुग्णाला दुसऱ्याच दिवशी उभे करतात, ते याच कारणाने.

काही दुखणी मात्र पूर्ण बरी होत नाहीत. अशा वेळी आशा कशाची धरावी? बाबा आमटे यांचे उदाहरण येथे बोलके आहे. पाठीच्या कण्याच्या विकारामुळे त्यांना बसता येईनासे झाले. उभे राहणे किंवा आडवे होणे एवढेच उरले. तरीही १९८५ च्या डिसेंबरात, सत्तरी ओलांडल्यावर, ते ‘भारत जोडो’ यात्रेसाठी कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. तरुण सायकलींवर होते आणि बाबा वाहनात आडवे होऊन. १९८८ मध्ये इटानगर ते ओखा अशी दुसरी यात्रा झाली, आणि १९९० मध्ये आनंदवन सोडून ते नर्मदेच्या काठी राहावयास गेले. त्यांचा कणा पूर्ववत झाला नव्हता. शरीराला जे जमेल त्या बेताने त्यांनी कामाची रीत बदलली. काम सोडले नाही. त्यांचे धैर्य सर्वांना साधेल असे नाही, परंतु ही रीत घरगुती प्रमाणात कोणालाही साधण्याजोगी आहे. उभे राहून पोळ्या लाटता येत नसतील तर बसून भाजी निवडता येते. दुकानाच्या पायऱ्या चढवत नसतील तर जुन्या ग्राहकांना दूरध्वनी करता येतो.

एक सावधगिरी येथे अवश्य हवी. दोन-तीन आठवडे भूक नाही, झोप नाही, कशातच रस नाही, जगणे नकोसे झाले असे बोलणे वारंवार होते, तर तो स्वभावाचा दोष समजून ‘सकारात्मक राहा’ असे सुनावू नये. नैराश्य हाही उपचाराने आटोक्यात येणारा आजार आहे. तो डॉक्टरांना दाखवावा, हाड दाखविले तसाच.

घरात कोणी पडले तर पहिला आठवडा शुश्रूषेचा असावा. दुसऱ्या आठवड्यात, डॉक्टरांच्या संमतीने, त्यांचे एक काम त्यांना परत द्यावे. ते बिनमहत्त्वाचे, केवळ मन रमविण्यासाठी शोधलेले नसावे. वडिलांकडे दिवसाअखेरचा रोजमेळ तपासण्यास द्यावा आणि त्यात त्यांनी चूक काढली तर ती खरोखर दुरुस्त करावी. आईला लोणच्याच्या मिठाचे प्रमाण विचारावे आणि तिच्या सांगण्याप्रमाणेच घालावे. पाण्याचा पेला भरून हातात देण्याऐवजी माठ तिच्या हाताच्या उंचीवर ठेवावा. तिसऱ्या आठवड्यात दारापर्यंत, चौथ्यात कोपऱ्यापर्यंत, सोबतीला कोणीतरी, पण हात धरून ओढत नव्हे. एक पाऊल मागे राहून.