पाय धुणारा गुरू

दादरच्या गोखले रस्त्यावरील 'पोर्तुगीज चर्च' हे नाव आपल्या जिभेवर इतके रुळले आहे की, ते एका प्रार्थनामंदिराचे नाव आहे याचे भानही बहुधा राहत नाही. बसमधून कोठे उतरायचे, पाहुण्याला कोठून वळायला सांगायचे, एवढ्यापुरती ती एक खूण. वस्तुतः या चर्चची स्थापना १५९६ सालची. आजची वास्तू मात्र अलीकडची. चार्ल्स कोरिआ यांच्या आराखड्यानुसार ती १९७७ साली पूर्ण झाली. तेथून थोड्याच अंतरावर प्रभादेवीचा सिद्धिविनायक आहे, आणि मंगळवारी त्या रांगेत उभे राहणाऱ्यांपैकी कित्येकजण बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेनालाही जातात. हातात हार असतो, मेणबत्ती असते, मनात एखादा नवस असतो. यात वावगे काही आहे असे आम्हांस मुळीच वाटत नाही. तथापि ज्या दारात आपण मागणे मागायला जातो, त्या दारातील शिकवण कोणती, याची विचारपूस आपण सहसा करीत नाही. नाताळच्या निमित्ताने ती करावी, असे आमच्या मनात आले.

ख्रिस्तचरित्रातील एका प्रसंगापुरतेच बोलू. ज्या रात्री त्याला पकडण्यात आले त्याच रात्री, शिष्यांसमवेतच्या शेवटच्या भोजनाच्या वेळी, येशू पंगतीतून उठला, कमरेला रुमाल बांधला आणि घंगाळात पाणी घेऊन एकेका शिष्याचे पाय धुऊ लागला. ते काम त्या काळी घरच्या गुलामाचे. पेत्र नावाच्या शिष्याने आपले पाय धुऊन घेण्यास प्रथम साफ नकार दिला. हा नकार आपल्याला चटकन समजतो. गुरुपौर्णिमेला आपण गुरूचे पाय धुतो, तीर्थ घेतो. गुरूने शिष्याच्या पायांना हात लावायचा ही कल्पनाच आपल्याला अवघड वाटते. पण अंमळ आठवून पाहावे. धर्मराजाच्या राजसूय यज्ञात, ज्याला अग्रपूजेचा मान मिळाला त्या श्रीकृष्णानेच आल्या पाहुण्यांचे पाय धुण्याचे काम मागून घेतले होते. उष्टी काढणारा भगवंत आपण कीर्तनात पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो आहोत. वाळवंटात पोळणारे अंत्यजाचे मूल कडेवर उचलून घेणारे नाथमहाराज आपलेच. म्हणून ख्रिस्ताची ही नम्रता आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. येशूने त्यात एक आज्ञा मात्र जोडली. मी जसे तुमचे पाय धुतले, तसे तुम्हीही एकमेकांचे धुवावेत, असा तिचा आशय आहे. म्हणजे हे लीला म्हणून कौतुकाने ऐकायचे नसून घरी जाऊन करायचे आहे.

येथे एखादा जाणता वाचक आम्हांला अडवील. म्हणेल, कसली नम्रता घेऊन बसलात? ज्या पोर्तुगिजांच्या नावाने तुमचे हे चर्च ओळखले जाते, त्यांनी गोव्यात देवळे पाडली. तेथे १५६० मध्ये स्थापन झालेले इन्क्विझिशन १८१२ पर्यंत पूर्णपणे बंद झाले नाही, हे विसरायचे काय? विसरू नये, असेच आमचे उत्तर आहे. तो सारा व्यवहार सत्तेचा आणि उद्दामपणाचा होता, आणि त्याला पाय धुणाऱ्या गुरूचा आधार देता येत नाही. परंतु एखाद्या धर्माची पारख त्याच्या नावाने राज्य करणाऱ्यांवरून करावी, की त्याप्रमाणे जगू पाहणाऱ्यांवरून? आपल्या धर्माच्या बाबतीत आपण दुसरी कसोटी मागतो. मग ती इतरांनाही लावणे न्यायाचे होईल.

अशा जगू पाहणाऱ्यांपैकी एक जोडपे मराठी वाचकाच्या अगदी ओळखीचे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई. टिळकांचा जन्म १८६१ चा, कोकणातील करजगावचा. चित्पावन ब्राह्मण घराण्यातला. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घरावर वीज कोसळली. त्या धर्मांतराचे समर्थन करण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला त्यामुळे जे दुःख आले, ते त्यांनीच 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवले आहे आणि ते वाचताना आजही गळा दाटून येतो. आम्हांला सांगायचे आहे ते पुढचे.

लक्ष्मीबाई ज्या घरात वाढल्या, तेथे वडिलांचे सोवळे पराकोटीचे. बाजारातून येणारी जिन्नसन् जिन्नस धुऊन घेण्याचा त्यांचा हट्ट असे. पतीच्या धर्मांतरानंतर त्या प्रथम दूर राहिल्या. पुढे नगरला आल्या तरी त्यांची चूल वेगळी आणि सोवळे कायम. टिळकांनी त्यांच्यावर आपला धर्म लादला नाही. आणि एके दिवशी, कोणाच्याही प्रवचनावाचून, त्या बाईच्या मनात प्रश्न उभा राहिला की, या जाती देवाने केल्या की माणसाने? विचार करता करता त्यांना उत्तर मिळाले आणि यापुढे कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास अनमान करायचा नाही, असा त्यांनी निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. हा क्रम आम्हांला फार मोलाचा वाटतो. धर्माचा शिक्का नंतर बसला. मन आधी वाकले, आणि तेही स्वयंपाकघरात, पाण्याच्या घोटापाशी.

टिळक स्वभावाने मवाळ होते, असे मात्र कोणी समजू नये. ते तापट होते, लहरी होते आणि त्यांच्या हाती आलेला पैसा घरापर्यंत पोहोचेलच याचा नेम नसे. वाटेत कोणी गरजू भेटला की संपले. लक्ष्मीबाईंनी हे सारे हसत हसत सांगितले आहे. (नवऱ्याचे दोष इतक्या प्रेमाने सांगणारे दुसरे पुस्तक मराठीत आम्हांला ठाऊक नाही.) असा तापट माणूस नम्रतेचे धडे गिरवू पाहतो, वारंवार चुकतो आणि पुन्हा गिरवतो, यातच आम्हांला त्याच्या श्रद्धेचा खरेपणा दिसतो. जन्मतःच मऊ असलेल्या माणसाच्या मऊपणाला आपण स्वभाव म्हणतो, साधना म्हणत नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. परधर्मात गेलेला हा माणूस अभंग रचत होता, कीर्तन करीत होता, टाळमृदंगाच्या साथीने उपासना चालवीत होता. त्यांच्या नगरच्या घरी बालकवी ठोंबरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखे वागवले.

आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, टिळकांनी मिशनची पगारी चाकरी सोडून संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. पगार, पद आणि पंथाची तटबंदी या तिन्हींवर पाणी सोडणे सोपे नव्हे. १९१९ च्या मे महिन्यात मुंबईत त्यांचे निधन झाले.

आता आपल्या घरांकडे वळू. आपली देवघरे लखलखीत आहेत, उपासतापास चालू आहेत, वारही पाळले जातात. पण ज्या बाईच्या हातांनी घासलेल्या ताटात आपण नैवेद्य वाढतो, तिचा चहाचा कप मात्र अजून कित्येक घरांत वेगळा, कान तुटलेला, मोरीच्या वरच्या फळीवर ठेवलेला असतो. तिला बसायला पाट मिळत नाही. ती दाराच्या चौकटीला टेकून चहा पिते. पाय धुण्याची गोष्ट लांबच राहिली, तिचे पूर्ण नावही घरातल्या मुलांना ठाऊक नसते. हे लिहिताना कोणास दुखवावे असा आमचा हेतू नाही. परंतु हा कप आम्हांला देवघराच्या आड येताना दिसतो. डोंगरावरील प्रवचनात येशूने दान डांगोरा न पिटता करावे आणि प्रार्थना दार लावून करावी, असे शिकवले आहे. आपल्याकडे देणगीदाराचे नाव संगमरवरावर कोरले जाते आणि आरती ध्वनिक्षेपकावरून चार इमारती पलीकडे ऐकवली जाते. ख्रिस्ती बांधवही यातून सुटलेले नाहीत. नाताळचा डामडौल त्यांच्याकडेही वाढतोच आहे, आणि गोठ्यात जन्मलेल्या बालकाचा देखावा कोणाचा मोठा, याची चुरस आम्हांला काही कमी विसंगत वाटत नाही.

कोणी म्हणेल, मग काय घरोघर ख्रिस्ताची तसबीर लावायची? तसे काही नको. ज्याचा विठोबा त्याला लखलाभ. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये चौपाटीवर शारदा सदन उघडले तेव्हा तेथे आलेल्या गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या आणि हिंदूच राहिल्या. ख्रिस्ती स्त्रीने दिलेला हात धरून त्या उभ्या राहिल्या, एवढेच. हात कोणाचा, हे पाहण्याआधी तो धरण्याइतके आणि पुढे करण्याइतके मन मोकळे असावे, इतकीच आमची अपेक्षा आहे.

नाताळच्या सुट्टीत घरात चार माणसे एकत्र असतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारची पोथी वाचून झाली की, एखाद्या संध्याकाळी 'स्मृतिचित्रे'तील सोवळ्याची प्रकरणे मोठ्याने वाचावीत. लक्ष्मीबाईंची भाषा आपल्या आजीचीच आहे. लहान मुलांनाही ती समजते. आणि वाचन चालू असताना कामाची बाई भांडी आवरून निघाली असेल, तर तिलाही बसवून घ्यावे. चहा सर्वांसाठी एकाच आधणाचा टाकावा, आणि कप एकाच संचातले काढावेत.