अडाणी कोण?

आदिवासी माता तान्ह्या बाळाला दवाखान्यात आणीत नाही, कारण ती अडाणी व अंधश्रद्ध आहे, असे सुशिक्षितांच्या तोंडून वारंवार ऐकू येते. हे मत मोठे सोयीचे आहे. त्यामुळे वैद्यकाला स्वतःकडे पाहावेच लागत नाही!

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी दवाखाना कसा हवा, हे गोंड लोकांनाच विचारले. प्रेतावर पांढरे वस्त्र घालणाऱ्या त्या लोकांना पांढऱ्या कोटाचेच भय वाटत होते. मग नातलगांनाही राहता येईल अशा झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला. त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. पुढे गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे, जंतुदोष झाल्यास इंजेक्शन देण्याचेही शिक्षण देण्यात आले. ३९ गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे ‘लॅन्सेट’ने १९९९ साली प्रसिद्ध केले. अडाणी म्हणवल्या गेलेल्या हातांनी हे घडविले.

कोणी म्हणेल, मग मेळघाटात पोटफुगीवर बाळाचे पोट तापल्या लोखंडाने डागतात, तेही मान्य करायचे काय? मुळीच नाही. आदर म्हणजे शरणागती नव्हे. परंतु डागलेले बाळ घेऊन आलेल्या मातेला चारचौघांत फैलावर घेतले, तर तिची शेजारीण आपले बाळ आणणारच नाही. आणि माडिया बोलणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीने आपल्या पाळीची तक्रार वडिलांना दुभाषी करून परक्या पुरुष डॉक्टरला सांगावी, ही अपेक्षा तरी कोणत्या शास्त्रात बसते?