डेंग्यूचा ताप उतरला, तरी डॉक्टर घरी का सोडत नाहीत?

पावसाळा आला की व्हॉट्सॲपवर पपईच्या पानांचा रस आणि प्लेटलेट्सचे आकडे फिरू लागतात. डॉक्टरांचं लक्ष मात्र ताप उतरल्यानंतरच्या २४ ते ४८ तासांवर असतं. ताप गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात, नेमकं तेव्हाच.

असं का? डेंग्यूचा विषाणू शिरला की आपल्या पेशी सायटोकाइन नावाची छोटी प्रथिनं सोडतात. हे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. इंटरफेरॉन शेजारच्या पेशींना सावध करतं. इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ लढणाऱ्या पेशींना बोलावतात, शरीराचं तापमानही वाढवतात. म्हणजे अंग तापतं ते आपल्याच निरोपांमुळे. इंटरल्युकिन-१० सारखे काही निरोप ‘आता आवरा’ सांगणारेही असतात.

लढणाऱ्या पेशींना रक्तातून बाहेर पडता यावं म्हणून रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या फटी थोड्या रुंदावतात. गंभीर डेंग्यूत हे प्रमाणाबाहेर जातं. विषाणूचं एनएस१ हे प्रथिनही अस्तर बिघडवतं. मग रक्तातला द्रव पोटात, छातीत झिरपतो, रक्त घट्ट होतं आणि रक्तदाब कोसळू शकतो. हे बहुधा आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान होतं. तोवर विषाणू ओसरू लागलेला असतो, ताप उतरलेला असतो.

डेंग्यूचे चार प्रकार आहेत. दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराची लागण झाली तर धोका वाढतो. जुन्या अँटीबॉडी नव्या विषाणूला रोखू शकत नाहीत, उलट त्याला पेशींत शिरायला वाट करून देतात. विषाणू वाढला की निरोपांचा गोंधळही वाढतो.

म्हणूनच फक्त प्लेटलेट्स मोजून भागत नाही. रिपोर्टमधला हिमॅटोक्रिट चढतोय का, हेही बघावं लागतं, कारण तो रक्त घट्ट होत असल्याची खूण आहे. प्लेटलेट्स चढवून ही गळती थांबत नाही. उपचार म्हणजे मोजूनमापून दिलेला द्रव. कमी पडला तर धोका, जास्त झाला तर फुफ्फुसांत पाणी. निरोपच दाबून टाकावेत म्हणून स्टेरॉइड्सही देऊन पाहिली गेली, पण चाचण्यांत ठोस फायदा दिसला नाही.

तापासाठी पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन नको, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, खूप सुस्ती किंवा लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.